लिनक्ससाठी संगणकाची निवड

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र ज्योतिर्लिंगामुळे महाराष्ट्रास पूर्वापार परिचित आहे. अलीकडे त्याच परिसराचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आले, ते गुरुत्वलहरींच्या नियोजित वेधशाळेमुळे. ‘लायगो-इंडिया’ या प्रकल्पास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. याच जातीच्या अमेरिकेतील वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वलहर प्रथम टिपली. तेथील नियंत्रणाचे व आकडेमोडीचे काम लिनक्स या प्रणालीवर चालते. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा गाभा लिहिला, ती ही प्रणाली विनामूल्य मिळते. तेव्हा वेधशाळेस जे साधन लाभते, तेच वसमत किंवा कळमनुरी येथील गृहस्थासही लाभू शकते. अंतर एवढेच की, यंत्र निवडावयास वेधशाळेपाशी तज्ज्ञ असतात आणि गृहस्थापाशी केवळ दुकानदाराचा शब्द असतो.

हा प्रश्न पुष्कळ घरांत निकडीचा झाला आहे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि २०१८ पूर्वीच्या बहुतेक संगणकांस विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारीत नाही. यंत्र धडधाकट, परंतु कागदोपत्री निवृत्त, असा हा प्रकार आहे. मुलांच्या शिक्षणासाठी नवा लॅपटॉप घेणे ज्या कुटुंबास जड जाते, त्याने असे यंत्र मोडीत घालण्यापूर्वी त्यावर लिनक्स अवश्य चालवून पाहावे.

मात्र सर्वच यंत्रे लिनक्सशी सारखी जुळत नाहीत, आणि त्याचे कारण ध्यानात आल्यास निवड निम्मी सोपी होते. संगणकातील प्रत्येक भागाशी बोलावयास प्रणालीला एक दुभाष्या लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाष्या बहुधा भागाचा उत्पादकच पुरवितो. लिनक्समध्ये तो शक्यतो प्रणालीच्या गाभ्यातच अंतर्भूत असतो. ज्या उत्पादकाने आपल्या भागाची माहिती खुली केली, त्याचा भाग जोडताक्षणी चालू लागतो. ज्याने ती दडवून ठेवली, त्याच्या भागापायी मात्र ग्राहकास डोकेफोड करावी लागते.

सर्वांत अधिक रडविणारा भाग म्हणजे वाय-फायची चिप. इंटेलची चिप असल्यास सहसा चिंता नसते. जुन्या अथेरॉसच्या चिपाही चांगल्या. ब्रॉडकॉमच्या कित्येक चिपांना मात्र ड्रायव्हर निराळा मिळवावा लागतो, आणि तो मिळवावयास इंटरनेट हवे, जे त्या चिपेवाचून मिळत नाही! रिअलटेकचे स्वस्त यूएसबी अडॅप्टर घेतानाही जपावे. चित्रासाठी इंटेल वा एएमडी यांची अंगभूत व्यवस्था घरकामास पुरेशी असते. एनव्हिडियाचे वेगळे कार्ड खेळांसाठी वा विशेष कामासाठीच घ्यावे; त्याचा ड्रायव्हर बहुधा स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

याच कारणास्तव, कंपन्यांनी वापरून विकलेले थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड किंवा एचपी एलिटबुक या मालिकांतील लॅपटॉप अल्प खर्चात उत्तम ठरतात. लिनक्स लिहिणारे लोकच ती यंत्रे पुष्कळ वापरतात, म्हणून त्यांतील खोडी लवकर उघडकीस येऊन दुरुस्त होतात. सुटे भागही सहज मिळतात. ८ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी, एवढे असले म्हणजे जुने यंत्रही चपळ वाटते. बॅटरी मात्र थकलेली असण्याचा संभव धरून तिची किंमत हिशेबात घ्यावी. वीज वेळी-अवेळी जाते तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. याउलट, ज्यात ३२ जीबीचा साठा पक्का डकवलेला असतो असे चिमुकले स्वस्त लॅपटॉप नवे असूनही टाळावे. पुढे त्यांत भर घालता येत नाही. विंडोजशिवाय विकला जाणारा नवा लॅपटॉप स्वस्त पडतो, परंतु तेवढ्याने तो लिनक्सशी जुळेलच असे मानू नये. अगदी ताज्या चिपेचा ड्रायव्हर जुन्या आवृत्तीत नसतो.

हिंगोलीच्या बाजारात हळदीचा व्यापारी पोत्यावरील चिठ्ठी वाचून भाव ठरवीत नाही; कांडी मोडून पाहतो. संगणकाचीही अशी परीक्षा घेता येते. लिनक्स मिंट किंवा उबंटू पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे आणि नांदेडच्या वा हिंगोलीच्या दुकानात त्यावरूनच यंत्र सुरू करावे. आतील डिस्कवर काही बसविण्याचा पर्याय निवडला नाही तर मूळ मजकुरास धक्का लागत नाही. मग वाय-फाय जोडावे, आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, झाकण मिटून पुन्हा उघडावे. पडदा झोपेतून जागा न होणे हा दोष वारंवार आढळतो आणि दुकानात सहसा कोणी तो तपासीत नाही. जो दुकानदार या पाच-दहा मिनिटांस नकार देतो, त्याच्याकडील सौदा सोडून देणे बरे.

प्रिंटर घेताना एचपीचे बहुतेक नमुने, तसेच ड्रायव्हरवाचून छापणारे नवे वाय-फाय प्रिंटर, यांस प्राधान्य द्यावे. सरकारी कामासाठी बोटांचे ठसे घेणारे उपकरण किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागत असेल, तर त्याच्या विक्रेत्याकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे काय, हे यंत्र घेण्यापूर्वीच विचारावे. नसल्यास त्या कामापुरते विंडोजचे यंत्र राखावे लागते. मराठी लिहिण्यासाठी निराळा खर्च नाही. देवनागरी अक्षरे आणि इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये मिळतात, केवळ भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडावी लागते.