पाण्यातला डोंगर वेगळाच असतो

थांब, तो फोटो आत्याला एवढ्यात पाठवू नकोस. आणि पाठवायचाच असेल तर खाली लिहिलेलं ते ‘मस्त व्ह्यू’ आधी खोड. मस्त आहे हे तिला दिसेलच की. जव्हारातच वाढलीय ती, जयसागरचा काठ तिला पाठ आहे. तिला माहीत नसेल असं काहीतरी लिही.

काय लिहायचं? आण इकडे मोबाइल. हा असा मोठा कर. आता हा वरचा डोंगर बघ आणि हा पाण्यातला. दोन्ही सारखेच म्हणतेस? नीट बघ, चिऊ. पलीकडच्या काठावर ते ऐनाचं झाड आहे ना, त्याच्या शेंड्यामागून डोंगराचा माथा चांगला वर आलेला दिसतोय. आणि पाण्यात? पाण्यात त्याच शेंड्यानं डोंगर जवळजवळ झाकून टाकलाय. झाड तेच, डोंगर तोच, एकाच क्षणी काढलेला फोटो, आणि तरी दोन चित्रं जुळत नाहीत. चित्रकलेच्या वहीत वरचं चित्र उलटं करून खाली काढतात ना, ते म्हणून चुकीचं. मी शाळेत होतो तेव्हाही सगळे तसंच काढायचे आणि गुरुजी त्याला पैकीच्या पैकी मार्क द्यायचे.

कारण सांगतो. तू धरणाच्या भिंतीवर उभी होतीस, म्हणजे पाण्यापासून बऱ्यापैकी वर. आता घटकाभर समज की तळ्यात पाणीच नाही. पाण्याच्या जागी एक मोठं भोक आहे, आणि तू जितकी वर आहेस तितकीच खाली, बरोब्बर तुझ्या पायांखाली, दुसरी चिऊ मोबाइल घेऊन उभी आहे. पाण्यात दिसतो तो डोंगर त्या खालच्या चिऊला दिसलेला असतो, फक्त उलटा केलेला. खालून बघितलं की जवळचं झाड उंच वाटतं आणि मागचा डोंगर त्याच्याआड जातो. भिंतीखाली उतरून मोबाइल पाण्यालगत नेलास की दोघी चिऊ एकमेकींजवळ येतात आणि दोन्ही डोंगर सारखे दिसायला लागतात. उद्या करून बघ. मोबाइल मात्र घट्ट धर, तुझ्या बाबाचा आहे तो.

खाली धरलास तर आणखी एक गंमत होईल. प्रतिबिंब ठसठशीत येईल. पाण्याकडे सरळ वरून बघितलं तर ते शंभरातला जेमतेम दोन भाग उजेड परत पाठवतं, बाकीचा आत जातो. म्हणून पायांजवळ आपल्याला तळाचे गोटे दिसतात. पण तिरप्या नजरेनं दूरवर बघावं तसं पाणी जास्त जास्त उजेड परतवायला लागतं, आणि अगदी सपाट नजरेला तर आरसाच होतं. या एकाच फोटोत खालच्या कडेला गोटे आहेत आणि वर डोंगर आहे, तो त्यामुळे. बाळू, तू त्यावर तो रंग चढवलायस ना, निळाशार? तो काढ. पाण्यातला डोंगर वरच्यापेक्षा काळपट असतो, कारण थोडा उजेड पाण्यानं ठेवून घेतलेला असतो. तुझ्या रंगानं तो काळपटपणाच पुसला गेला.

पुढचा. हा पहाटेचा, तळ्यावर धूर दिसतोय तो. धूर नाही रे, आणि वाफही नाही. वाफ कुणालाच दिसत नाही. आजीच्या चहाच्या किटलीकडे बघ, तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, आणि बोटभर पुढे पांढरं दिसायला लागतं. वाफ खरी आहे ती त्या न दिसणाऱ्या जागेत. पुढे ती थंड हवेत मिसळते, तिचे बारीक थेंब होतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, आणि तेच आपल्याला पांढरे दिसतात. तळ्यावरही तेच होतं. दिवाळीच्या दिवसांत रात्री जमीन पटकन गार होते, पण पाणी उष्णता सहजासहजी सोडत नाही. दिवसभर कमावलेली ऊब ते पहाटेपर्यंत धरून बसतं. गार हवा जड असते, ती उतारावरून घसरत खोलगट जागी येते आणि कोमट पाण्यावर पसरते. पाण्यावरून उठलेली वाफ तिला भेटली की धुकं. सात-साडेसातला ऊन आलं की थेंबांची पुन्हा वाफ होते आणि धुकं ‘जातं’. जातं कुठे? तिथेच असतं, दिसत नाही इतकंच. जेवायच्या वेळी उठणाऱ्यांना यातलं काही दिसणार नाही, मी कुणाचं नाव घेत नाही.

हा सनसेट पॉइंटचा. सगळे काढतात तो. यात सूर्य क्षितिजाला टेकलाय आणि जरा चपटा झालाय. चपटा का, तर हवेच्या जाड थरातून येताना उजेड वाकतो, आणि सूर्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. पण खरी मजा पुढे आहे. तो उजेड इतका वाकतो, की क्षितिजाला टेकलेला सूर्य आपण बघत असतो तेव्हा खरा सूर्य अख्खाच्या अख्खा खाली गेलेला असतो. हवा नसती तर दोनेक मिनिटं आधीच मावळला असता. तू फोटो काढलास तो तिथे नसलेल्या सूर्याचा.

खोटं नाही सांगत. आजीला विचार, मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा तिथे नेलं तेव्हाही हेच सांगितलं होतं.

दाभोशाचे किती काढलेत? सगळे नको पाठवू, एक पुरे. लेंडी नदीचं पाणी तीनशे फुटांवरून पडतं, त्यात माणसं असली की फोटोला माप येतं, म्हणून हा कड्याखालच्या माणसांचा ठेव. आणि पाण्यापेक्षा मागचा खडक बघ, आडवे आडवे थर दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा आला. आजही तो पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे, आणि जव्हार-मोखाड्याचं पठार म्हणजे त्याचाच एक कोपरा. हा काळा खडक लक्षात ठेवा, त्याच्याशी पुन्हा काम आहे.

अरे, हा का पुसतोयस? हललाय म्हणून? पुसू नको, बाळू. माझ्या मते सगळ्यांत भारी फोटो हाच आहे.

हेलिकॉप्टर म्हणतोस तू त्याला, आम्ही चतुर म्हणतो. पिवळसर अंग, पारदर्शक पंख, मागचे पंख बुडाशी रुंद. तळ्याच्या काठी बसत नव्हता ना, सारखा हवेत तरंगत होता? मग तो ग्लोब स्किमर असणार. पावसाळा संपता संपता इथल्या माळांवर यांचे थवेच्या थवे फिरतात. वजन म्हणशील तर अर्धा ग्रॅमसुद्धा नाही.

आता ऐक. मालदीव ठाऊक आहे? कन्याकुमारीच्या नैर्ऋत्येला भर समुद्रात, सहाशे किलोमीटरवर. सगळी प्रवाळाची बेटं. पडलेला पाऊस वाळूत जिरतो, त्यामुळे वर गोड्या पाण्याची डबकी जवळपास नाहीतच. आणि चतुराला अंडी घालायला गोडं पाणीच लागतं. तरी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे अचानक लाखो चतुर दिसायला लागतात आणि काही दिवसांत नाहीसे होतात. चार्ल्स अँडरसन नावाचा एक जीवशास्त्रज्ञ तिथे राहायचा. त्याला प्रश्न पडला, जिथे चतुर जन्मूच शकत नाही तिथे हे येतात कुठून? वर्षानुवर्षं त्यानं तारखा टिपून ठेवल्या. आधी दक्षिण भारतात दिसतात, मग मालदीवच्या माले बेटावर, मग आणखी दक्षिणेकडच्या बेटांवर, आणि त्यानंतर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. २००९ साली त्यानं लिहून टाकलं, की हे चतुर भारतातून निघून समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातात. साडेतीन हजार किलोमीटरचा समुद्र! आपला मान्सून परत फिरला की उंचावर ईशान्येकडून वारा वाहतो, त्या वाऱ्यावर स्वार होऊन. आफ्रिकेत तेव्हा पावसाळा, म्हणजे डबकी तयार. तिथे अंडी घालायची, पिल्लं महिना-दीड महिन्यात पंख फुटून बाहेर, आणि मग पुढची पिढी मान्सूनबरोबर पुन्हा इकडे. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटर, चार पिढ्यांमध्ये. म्हणजे निघालेला परत येत नाही. त्याचं पतवंड येतं, आणि त्याला वाट कुणी दाखवलेली नसते.

‘कशावरून?’ असं विचारलंस ते बरं केलंस. नुसत्या तारखांवर सगळ्यांचं समाधान झालं नव्हतं. पुरावा सापडला तो पंखात. पाण्यात दोन प्रकारचा हायड्रोजन असतो, नेहमीचा हलका आणि अगदी थोडासा जड. त्यांचं प्रमाण पावसाच्या पाण्यात ठिकाणागणिक बदलतं. चतुराचं पिल्लू ज्या डबक्यात वाढतं तिथलं प्रमाण त्याच्या अंगात उतरतं, आणि पंख एकदा तयार झाले की ते बदलत नाही. मरेपर्यंत पंखात जन्माच्या डबक्याचा पत्ता. मालदीवमध्ये पकडलेल्या चतुरांचे पंख तपासले, आणि २०१२ साली निकाल आला: ही मंडळी दक्षिण भारतातलीही नाहीत, त्याहून उत्तरेकडून आलेली आहेत.

तुझ्या फोटोतला हा नेमका आफ्रिकेला जाईल की नाही, ते फोटोवरून ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. पण दिवस तेच आहेत. आणि हो, याच दिवसांत सैबेरियाकडून येणारा अमूर ससाणा आपल्या डोक्यावरून आफ्रिकेला जातो, तो समुद्रावर वाटेत हेच चतुर खात असावा असं अँडरसनचं म्हणणं आहे. शिदोरी बरोबरच उडतेय की! आत्याला हा हललेला फोटो आधी पाठव.

राहिला हा एक. हा कुठला, खोडाळ्याकडून परत येतानाचा ना? मध्य वैतरणेचा जलाशय. केवढं पाणी! याच्या खाली काय लिहिलंयस, चिऊ? ‘आमच्या गावचं पाणी.’ हं.

वैतरणा निघते त्र्यंबकच्या डोंगरांत. गोदावरीही तिथलीच. एकाच सरीतला एक थेंब डोंगराच्या पूर्व अंगाला पडला तर गोदावरीतून चौदाशे पासष्ट किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाणार, आणि पश्चिम अंगाला पडला तर वैतरणेतून इकडे आपल्याकडे. ‘आपल्याकडे’ म्हणायचं खरं, पण तो थांबतो कुठे? हे धरण २०१४ साली पुरं झालं, १०२ मीटर उंच. यातलं पाणी नदीतूनच खाली मोडकसागरला सोडतात. मोडकसागर १९५७ सालचं, मोडक नावाच्या अभियंत्यावरून नाव पडलं. तिथून मोठमोठ्या नळांतून भांडुपला, तिथे शुद्ध होतं, आणि पुढे शहरात. बहुतेक वाट उताराच्याच जोरावर, पंपाशिवाय. मुंबईला पाणी देणारे सात तलाव, त्यातले तीन एकट्या वैतरणेवर. तेव्हा चिऊ, हे तुझ्या दादरच्या घराचं पाणी आहे. आमच्या गावचं नाही.

आता तो काळा खडक आठवा. मोखाड्याला चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सगळा अंगणात साठवला तर आठ-दहा फूट पाणी उभं राहील. आणि तरी फाल्गुन-चैत्र आला की विहिरींचे तळ दिसतात, टँकर सुरू होतात, आणि बाया रात्रीच्या विहिरीच्या काठाला बसून झऱ्यातून पाझरणारं पाणी वाटीनं हंड्यात भरतात. अख्खा हंडा भरायला बराच वेळ जातो, म्हणून नंबर लागतात. कारण हा खडक घट्ट. पाणी धरून ठेवायला त्याच्यात जागा आहे ती फक्त भेगांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात. उतार खडा, मातीचा थर पातळ, पडलं की पळालं. मोठी भिंत बांधून अडवलं तर अडतं, पण भिंत खाली दरीत आणि पाडे वर डोंगरावर. पाणी वर चढवायला वीज लागते, पंप लागतात, पैसे लागतात. मुंबईला ते उताराचं आहे, पाड्याला चढाचं. यात खडकाचा दोष किती आणि माणसांचा किती, त्यावर आजीशी माझं भांडण आहे. ती म्हणते, खडक बिचारा मधे कशाला ओढता.

मग काय करायचं विचारतोस? पाणी पळतंय तर त्याला जरा वेळ थोपवायचं. उद्या शाळेची पोरं आपल्या खालच्या ओहोळावर वनराई बंधारा घालणार आहेत. सिमेंटची रिकामी पोती गोळा केलीत, त्यांत रेती-माती भरायची, तोंडं शिवायची आणि विटांसारखी सांधे चुकवून ओहोळात आडवी रचायची. दिवाळीतच का, तर पावसाळ्यात घातला तर पहिल्या पुरात वाहून जाईल, आणि माघ उजाडल्यावर घातला तर अडवायला धारच उरलेली नसेल. पाणी कंबरभर तुंबतं, मुरमात आणि भेगांत शिरतं, आणि खालच्या अंगाच्या विहिरीला ओल टिकते. सगळा उन्हाळा निघत नाही, पण महिना-दोन महिने पुढे ढकलले जातात.

आठ वाजता जायचंय. जुने कपडे घाला, दाभण मी काढून ठेवलंय. चिऊ, मोबाइल चार्जिंगला लाव. पोती रचायच्या आधी ओहोळाचा एक फोटो काढायचा, आणि संध्याकाळी त्याच दगडावर उभं राहून दुसरा. आता वैतरणेच्या फोटोखालची ती ओळ बदल आणि दे पाठवून, आत्या जेवणाआधी बघेल.