इंजिन सकाळी का कुरकुरतं?

पनवेलजवळच्या कोन गावावरून पुण्याकडे जाणाऱ्या ट्रकची वर्दळ असते. थंडीत रात्रभर उभा असलेला ट्रक पहाटे सुरू केला, की आधी खडखडतो आणि जरा वेळाने शांत होतो. असं का बरं?

रात्रीतून इंजिनातलं ऑइल ओघळून तळाशी जमतं. गारठ्याने ते घट्टही होतं. पंप ते वरपर्यंत पोचवेपर्यंत दोन-चार सेकंद 'टकटक' ऐकू येते. शिवाय गार इंजिनात डिझेल पेटायला किंचित उशीर होतो. तेवढ्यात साठलेलं डिझेल मग एकदम पेटतं, आणि होते 'खडखड'! इंजिन तापलं की ती कमी होते.

म्हणूनच मुरलेला मेकॅनिक पाना उचलण्याआधी विचारतो, "आवाज कधी येतो? कधी जातो?" 'चींऽऽ' ऐकू आलं, तर पट्टा ओला किंवा सैल असेल. टकटक थांबतच नसेल, तर इंजिन बंद करून डिपस्टिकने ऑइलची पातळी बघायची. पण तळातून जड 'ठक्‌ ठक्‌' आली किंवा ऑइलचा लाल दिवा विझलाच नाही, तर इंजिन ताबडतोब बंद! ऑइलवाचून ते थोड्याच वेळात जाम होऊ शकतं.

उद्या सकाळी घरच्या गाडीचा आवाज ऐका बरं! मात्र लांबूनच. पंख्याजवळ, पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही. बंद गॅरेजमध्ये तर गाडी सुरू करायचीच नाही. तो धूर जीवघेणा असतो. आवाज किती सेकंदांनी थांबला, तेवढं घड्याळात पाहून आईबाबांना सांगा. मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होईल!