माप ही अमानत

शाबान महिन्याच्या २९ तारखेला सूर्य मावळला की ठिकठिकाणच्या चांद कमिट्या बसतात. कुणी ‘चांद दिसला’ म्हणत आला, तर लगेच मुबारकबाद दिली जात नाही. आधी त्याला प्रश्न विचारतात. कुठून पाहिला? किती वाजता? आकाश स्वच्छ होतं का? कोर कुठल्या बाजूला होती? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की दुसऱ्याकडून ऐकला? या साक्षीला ‘शहादत’ म्हणतात. एकाच्या चुकीच्या शब्दानं हजारो घरांतले रोजे पुढेमागे होतील, म्हणून ही काटेकोर चौकशी.

आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाट्यालाही अशीच चौकशी येते. कॉलेजात त्यांना एखादी जुनी इमारत नेमून दिली जाते. ती मोजायची, तिचे नकाशे काढायचे आणि तिच्यावर अभ्यास-अहवाल लिहायचा. या कामाला ते ‘मेजर्ड ड्रॉइंग’ म्हणतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात बहुतेकांना हे कधी ना कधी करावं लागतं. देशभरातल्या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांची ‘नासा’ नावाची संघटना आहे (अमेरिकेतली अवकाशवाली नव्हे). तिच्या स्पर्धांमध्ये इमारतींच्या अशा नोंदणीसाठी जगप्रसिद्ध वास्तुविशारद लुई कान यांच्या नावाची स्वतंत्र ट्रॉफी आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे सारं मार्कांसाठी केलेलं काम वाटतं. पण आपल्याच परिसरातलं एक उदाहरण पाहिलं की त्याचं मोल कळतं.

कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघालं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. तिथं वालधुनीच्या काठी काळ्या दगडाचं शिवमंदिर उभं आहे, उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातलं. १८६८ साली सरकारनं या मंदिराची पद्धतशीर नोंद करायचं ठरवलं आणि हे काम मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे आलं. तिथले टेरी नावाचे शिक्षक विद्यार्थ्यांना घेऊन अंबरनाथला गेले. त्यांनी मंदिर मोजलं, नकाशे काढले, छायाचित्रं घेतली आणि कोरीवकामाचे साचे उतरवले. पुढे १८७४ मध्ये जेम्स बर्जेस यांच्या ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात या मंदिराचा सचित्र वृत्तांत आला. १८६८ साली कल्याणपर्यंत रेल्वे येऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती.

मंदिर मोजल्यानं काय कळतं, हा प्रश्न साहजिक आहे. अंबरनाथच्या मंदिरात मंडपातून गाभाऱ्यात जाताना पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. गाभाऱ्याची जमीन मंडपापेक्षा बरीच खाली आहे. बाहेरून कितीही फोटो काढले तरी हे समजत नाही. इमारत वरून खालपर्यंत सुरीनं कापल्यासारखी दाखवणारा नकाशा काढला, ज्याला विद्यार्थी ‘सेक्शन’ म्हणतात, तरच ते दिसतं. शिखराचा वरचा भाग आज जागेवर नाही. तिथं विद्यार्थ्याचा हात शिवशिवतो, शिखर पूर्ण करून टाकावंसं वाटतं. पण नियम साधा आहे. जे उभं आहे ते सलग रेषेनं काढायचं, जे असावं असं वाटतं ते तुटक रेषेनं. तुटक रेषेच्या जागी सलग रेषा काढणं म्हणजे ऐकलेला चांद पाहिला म्हणून सांगणं.

याच मंदिरात आणखी एक धडा आहे. तिथल्या शिलालेखात शक वर्ष कोरलेलं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ते शके ७८२, म्हणजे इसवी सन ८६०, असं वाचलं. भाऊ दाजी कुणी साधे वाचक नव्हते. डॉक्टर म्हणून नावाजलेले आणि शिलालेखांच्या अभ्यासातही मोठा अधिकार असलेले. जुनागढहून आलेले भगवानलाल इंद्रजी हे त्यांचेच सहायक. भाऊ दाजींसाठी त्यांनी देशभर हिंडून शिलालेखांच्या नकला उतरवल्या होत्या. भाऊ दाजी १८७४ मध्ये वारले. त्यानंतर भगवानलालांनी अंबरनाथचा लेख पुन्हा तपासला आणि पहिला अंक सात नसून नऊ आहे, असं दाखवून दिलं. शके ९८२, म्हणजे १०६०. एका अंकानं मंदिराचं वय दोनशे वर्षांनी बदललं आणि शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळाशी त्याचा मेळ बसला.

यात गुरूचा अपमान झाला नाही. भाऊ दाजींनी आपलं वाचन छापून सर्वांपुढे ठेवलं होतं, म्हणूनच ते तपासता आलं. अभ्यास लिहून ठेवायचा तो याचसाठी. लिहिणारा चुकू शकतो, पण त्यानं काय पाहिलं आणि कुठून पाहिलं हे स्पष्ट असेल, तर मागून येणारा ती चूक सुधारू शकतो. नुसतं ‘मंदिर फार प्राचीन आहे’ असं लिहिलं, तर त्यात सुधारण्यासारखंही काही उरत नाही.

प्रत्यक्ष मोजणी कशी चालते, तेही पाहण्यासारखं आहे. सामान फारसं नसतं. लांब टेप, ओळंबा, सूत, गुण्या, पाणसळ आणि वही. आता लेझरची यंत्रंही आली आहेत, पण शिक्षक आधी टेपच हातात देतात. पहिला नियम असा की भिंत तुकड्यातुकड्यानं मोजायची नाही. समजा, ओवरीचे बारा खण आहेत. प्रत्येक खण वेगळा मोजला आणि दर वेळी अर्धा इंच चूक झाली, तर शेवटी चूक सहा इंचांची होते. म्हणून टेपचं शून्य एका टोकाला पक्कं धरायचं आणि तिथूनच प्रत्येक खांबाचं माप वाचत जायचं. दुसरा नियम कर्णाचा. खोली ३० फूट बाय ४० फूट असेल आणि कोपरे काटकोनात असतील, तर कर्ण बरोबर ५० फूट भरतो. कर्ण ५० फूट ४ इंच आला, तर खोली तिरकी आहे. मग नकाशातही ती तिरकीच काढायची, आपल्या सोयीनं सरळ करायची नाही. तिसरा नियम वहीचा. एक जण टेप धरतो, दुसरा आकडा वाचतो, तिसरा तो मोठ्यानं पुन्हा म्हणून लिहितो. वहीत तारीख असते आणि मोजणाऱ्यांची नावं असतात. खाडाखोड झाली तर ती तशीच राहू देतात. पक्का नकाशा नंतर कितीही देखणा निघो, खरा पुरावा ही मळकी वहीच.

मशीद मोजायची असेल तर आणखी काही गोष्टी येतात. किबल्याच्या बाजूची भिंत कुठल्या दिशेला आहे, हे होकायंत्र लावून पाहावं लागतं. ‘मक्का पश्चिमेला’ असं आपण सहज बोलून जातो, पण मुंबई-ठाण्याहून ती दिशा नेमक्या पश्चिमेच्या सुमारे दहा अंश उत्तरेला आहे. जुनी भिंत या दिशेशी तंतोतंत जुळेल किंवा थोडी वेगळी असेल. विद्यार्थ्यानं जो अंश दिसेल तो लिहायचा. नमाजींच्या एका सफेला, म्हणजे रांगेला, साधारण चार फूट लागतात. त्यामुळे सभागृहाची खोली मोजली की किती सफा मावतात ते कळतं आणि बांधणाऱ्यांनी वस्ती किती धरली होती, याचा अंदाज येतो. तो मात्र अंदाज म्हणूनच लिहायचा. वुजूचा हौद, तिथं पाणी कुठून येतं, मेहराबीत उभ्या इमामाचा आवाज मागच्या सफेपर्यंत कसा पोहोचतो, भर उन्हाळ्यात वारा कुठून आत शिरतो, हे कळायला इमारत वापरात असताना पाहावी लागते. त्यासाठी रमजानच्या तरावीहसारखी वेळ नाही. भरलेली मशीद आणि रिकामी मशीद या जणू दोन वेगळ्या इमारती असतात. देऊळ उत्सवात पाहावं आणि चर्च नाताळात, ते याचसाठी.

कल्याणच्या शेणाळे तलावाकाठी, ज्याला लोक काळा तलाव म्हणतात, काळ्या दगडाची जुनी मशीद आहे. दूधनाक्याला कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे, पारनाक्याला वाडे. ठाण्यात कौपिनेश्वराचं मंदिर, बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ चं सिनेगॉग, जुनी चर्चेस आणि पारशांची अग्यारी, सारी एकाच गावात. १८८२ मध्ये छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरनं स्थळांसाठी एक वेगळा खंडच दिला. पण गॅझेटियर वर्णन करतं. तुळई किती इंचांची, सांधा कसा बसवला, चुन्याचा थर किती जाड, हे त्यात सापडत नाही. तेवढं बारीक लिहायला टेप घेऊन आठवडाभर तिथं बसणारं कुणीतरी लागतं. आणि एवढा वेळ बहुधा विद्यार्थ्याकडेच असतो.

क्लॉड बॅटले यांनी हे ओळखलं होतं. मुंबईच्या जे. जे. मध्ये त्यांनी वर्षानुवर्षं आर्किटेक्चर शिकवलं आणि विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारती मोजायला पाठवलं. त्या मोजणीच्या नकाशांचा संग्रह १९३४ मध्ये लंडनहून पुस्तकरूपानं निघाला. परदेशी इमारतींच्या नकला करत शिकण्याच्या त्या काळात, आपल्या गावातला खांबही मोजण्याच्या लायकीचा आहे, हे त्या मुलांना टेपनं शिकवलं.

विद्यार्थ्याचा अभ्यास किती मोठं काम करू शकतो, हे अलीकडे पॅरिसमध्ये दिसलं. नोत्र-दाम चर्चच्या छपराचा ओकच्या लाकडाचा सांगाडा मध्ययुगीन होता. त्यात इतकी लाकडं होती की लोक त्याला ‘जंगल’च म्हणत. रेमी फ्रोमाँ आणि सेड्रिक त्रांतेसो या दोघांनी जुन्या वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घेताना या सांगाड्याची बारकाईनं मोजणी केली. २०१४ मध्ये ते काम पूर्ण झालं. त्या वेळी तो दोघांचा शैक्षणिक अभ्यास होता, एवढंच. १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली आणि सगळं जंगल जळून गेलं. नवं छप्पर जुन्यासारखंच बांधायचं ठरलं, तेव्हा याच मोजणीचा आधार मिळाला. फ्रोमाँ स्वतः पुनर्बांधणी करणाऱ्या वास्तुविशारदांमध्ये होते. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडलं.

आपल्याकडे इमारती आगीनं कमी आणि पुनर्विकासानं जास्त जातात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत जागेची किंमत घरापेक्षा मोठी झाली आहे. पडका वाडा किंवा जुनी चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहिला, तर तिथल्या रहिवाशाला दोष कसा द्यायचा? गळक्या छपराखाली त्यानं किती पावसाळे काढायचे? सगळंच जपता येणार नाही. पण पाडण्याआधी मोजता नक्की येतं. तेवढं केलं तर जिना कसा वळत होता, माजघरात उजेड कुठून येत होता, हे निदान कागदावर राहतं.

अडचण वेगळीच आहे, आणि ती टेपनं सुटत नाही. अलीकडे कुणी भिंत मोजायला लागलं की लोक बिचकतात. नोटीस येणार का? जागेचा वाद निघणार का? धर्मस्थळ असेल तर शंका दुप्पट होते, मग मोजणारा कुठल्याही धर्माचा असो. ही भीती उगाच आलेली नाही, तिला हसून चालणार नाही. म्हणूनच विद्यार्थ्याची जबाबदारी वाढते. त्यानं आधी परवानगी मागावी, कॉलेजचं पत्र दाखवावं, काम कशासाठी आहे ते सांगावं आणि लिहिताना दिसलेलं व तर्कानं काढलेलं वेगळं ठेवावं. ‘भिंत धोकादायक आहे’ असं एका फटक्यात लिहू नये. ‘खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग, रुंदी ३ मिलिमीटर, अमुक तारखेला पाहिली’ असं लिहावं. ‘ओल फार आहे’ एवढ्यावर थांबू नये. चुन्याच्या जुन्या भिंतीवर नंतर सिमेंटचा गिलावा चढवलेला असेल, तर भिंतीतला दमटपणा बाहेर पडायला वाट राहत नाही. तो गिलावा कुठून कुठपर्यंत आहे ते मोजून दाखवावं. असा अहवाल भांडणाला उपयोगी पडत नाही, दुरुस्तीला पडतो.

इस्लाममध्ये अमानत हा मोठा शब्द आहे. दुसऱ्यानं विश्वासानं सोपवलेली वस्तू जशीच्या तशी परत करणं म्हणजे अमानत राखणं. इमारतीचं माप ही तशीच अमानत आहे. ज्यांनी दार उघडून दिलं, त्यांच्याकडे ते परत गेलं पाहिजे. अनेकदा मार्क मिळाले की नकाशे कॉलेजच्या कपाटात जातात आणि इमारतीच्या माणसांना ते कधी दिसतच नाहीत.

तेव्हा येत्या सुटीत एखादी मुलगी किंवा मुलगा टेप आणि वही घेऊन मशिदीच्या, मंदिराच्या किंवा वाड्याच्या दाराशी आला, तर ओळखपत्र आणि पत्र जरूर पाहावं. मग दार उघडावं, टेपचं दुसरं टोक धरायला घरातल्या एखाद्याला सोबत द्यावं. रोज्याचे दिवस असतील तर इफ्तारपर्यंत थांबवून घ्यावं. आणि निघताना एकच अट घालावी: नकाशाची एक प्रत ट्रस्टच्या किंवा घरमालकाच्या कपाटात ठेवायला आणून द्यायची.