शंभर किलोमीटरच्या पदयात्रेची सागरतीरावरील पूर्वतयारी

हाँगकाँगच्या पूर्व भागात, साई कुंग द्वीपकल्पावर, पाक ताम चुंग नावाचे ठिकाण आहे. तेथून पुढे खासगी मोटारींना प्रवेश नाही. मॅकलेहोस पदमार्गाचा पहिला खांब येथेच उभा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील सुटीच्या दिवशी पहाटे येथे चार-चार जणांचे गट पाठीवर सॅक अडकवून निघताना दिसतात. परंपरेने नोव्हेंबरमध्ये होणाऱ्या 'ट्रेलवॉकर' या निधिसंकलन पदयात्रेची ही रंगीत तालीम असते.

या पदयात्रेचा उगम लष्करी आहे. १९४७ मध्ये दहा गुरखा रेजिमेंटांची वाटणी झाली. सहा भारताकडे राहिल्या आणि चार ब्रिटिश सैन्यात गेल्या. ब्रिटिशांच्या गुरखा तुकड्या पुढे अनेक वर्षे हाँगकाँगमध्ये तैनात होत्या. तेथील 'क्वीन्स गुरखा सिग्नल्स' या दलाने १९८१ साली शंभर किलोमीटरचा डोंगरी मार्ग पार करण्याचा सराव आखला आणि त्याला निधिसंकलनाची जोड दिली. १९८६ मध्ये सर्वसामान्य नागरिकांना त्यात प्रवेश मिळाला आणि ऑक्सफॅम ही मदतसंस्था संयोजनात सहभागी झाली. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे सुपूर्द झाल्यावर गुरखा सैनिक तेथून गेले, उपक्रम मात्र टिकून राहिला आणि अन्य देशांतही पोहोचला. भारतात २०१२ साली बंगळूरनजीक त्याचे आयोजन झाले होते.

नियम साधे आहेत. चार जणांच्या गटाने ४८ तासांत १०० किलोमीटर अंतर चालायचे आणि आपापल्या परिचितांकडून देणग्या गोळा करायच्या. ताशी सरासरी दोन किलोमीटरपेक्षा किंचित अधिक वेग म्हणजे काहीच नाही, असे कागदावर वाटते. वारीची परंपरा ज्यांच्या घरात आहे, अशा मराठी वाचकाला तर ते अधिकच सोपे वाटेल. परंतु वारीत दिवसाचा टप्पा संपला की मुक्काम असतो. येथे रात्रीही चालावे लागते, आणि वाट सपाट नाही. मा ऑन शान आणि नीडल हिल या डोंगरांवरून जात ती ९५७ मीटर उंचीच्या ताई मो शान पर्वतापर्यंत चढते. सर्वांत वेगवान गट हे अंतर अकरा-बारा तासांत कापतात, तर अनेक गटांना दुसरी रात्रही वाटेवरच काढावी लागते.

मॅकलेहोस पदमार्ग १९७९ मध्ये खुला झाला. तत्कालीन गव्हर्नर मरे मॅकलेहोस यांचे नाव त्याला देण्यात आले. मार्गाचे दहा टप्पे असून दर ५०० मीटरवर क्रमांकाचा खांब आहे. त्यामुळे आपला वेग तपासणे सोपे जाते आणि अडचणीच्या वेळी आपले नेमके ठिकाणही सांगता येते. सरावासाठी बहुतेकांची पसंती पहिल्या तीन टप्प्यांना असते. १०.६, १३.५ आणि १०.२ अशी मिळून ही सुमारे ३४ किलोमीटरची चाल होते.

पहिला टप्पा हाय आयलंड जलाशयाच्या काठाने जातो. बेट आणि द्वीपकल्प यांमधील सामुद्रधुनी दोन धरणांनी अडवून १९७८ मध्ये हा जलाशय पूर्ण करण्यात आला. साठवण क्षमतेत तो हाँगकाँगमधील सर्वांत मोठा आहे. वाट डांबरी आणि बरीचशी सपाट आहे, आणि धोका नेमका तेथेच आहे. ताजेतवाने पाय नकळत वेगाने पडतात आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. पूर्वेकडील धरणाशी समुद्राच्या बाजूला लाटा थोपवण्यासाठी काँक्रीटचे अवाढव्य ठोकळे रचले आहेत. ते पाहून मुंबईकराला मरीन ड्राइव्हवरील टेट्रापॉडची आठवण व्हावी. शेजारीच षट्कोनी दगडी स्तंभांचे कडे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलशी त्यांचे साम्य जाणवते, पण तेथील खडक बेसाल्ट आहे, तर हे स्तंभ सुमारे १४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेले आहेत.

खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यात होते. लाँग के येथील पुळणीवर उतरल्यानंतर वाट ३१४ मीटर उंचीच्या साई वान शानकडे जवळजवळ सरळ चढते. सावली फारशी नाही. पुढे साई वान आणि हाम तिन या किनाऱ्यांवर वाळू तुडवावी लागते. त्याच वेगाने मऊ वाळूत चालण्यासाठी कठीण जमिनीच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलागणिक वाळू सरकते आणि पायाने दिलेला रेटा वाया जातो. शिवाय बुटात शिरलेले कण घामाने ओल्या झालेल्या त्वचेवर घासतात आणि फोड येतात. म्हणून अनुभवी चालणारे वाळू संपताच थांबून बूट झाडतात, मोजे बदलतात. हे पाच मिनिटांचे काम टाळणाऱ्यास त्याची जाणीव चेक केंगच्या ओसाडलेल्या गावापाशी होते, आणि तेथून पाक ताम आवच्या रस्त्यापर्यंत पुन्हा चढण आहे. मधल्या या भागात मोटार पोहोचत नाही. त्यामुळे 'थकलो, आता घरी जातो' असे म्हणण्याची सोय नसते. सरावासाठी हाच भाग निवडण्यामागे तेही एक कारण आहे.

शरीराच्या दृष्टीने सर्वांत कमी लेखली जाणारी गोष्ट म्हणजे उतार. चढताना दम लागतो, म्हणून लक्ष तिकडे जाते. उतरताना मात्र मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि वेदना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक जाणवते. दिलासा इतकाच, की एकदा असा ताण सोसलेले स्नायू पुढील काही आठवडे तशाच ताणाने कमी दुखावतात. यामुळेच मोठी सरावचाल मुख्य पदयात्रेच्या तीन-चार आठवडे आधी केली जाते आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चालणे मुद्दाम कमी करण्यात येते. उन्हाची सवय होण्यासही शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात.

पाण्याविषयीचा गैरसमज तर जिवावर बेतू शकतो. कमी पाणी पिणे वाईट, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तासन्‌तास घाम गाळून तहानेपेक्षा बरेच अधिक नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. सोबती घाबरून आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती अधिक बिघडते. बोटे सुजणे, अंगठी घट्ट होणे ही सावध करणारी खूण मानली जाते. तहानेनुसार पाणी आणि त्याबरोबर काहीतरी खारट खाणे, हे सूत्र गटातील चौघांनाही सरावातच अंगवळणी पडावे लागते.

चौघांनी एकत्र चालणे ही वाटते तितकी साधी बाब नाही. गटाचा वेग सर्वांत मंद सदस्याचा असतो, आणि तो सदस्य दर काही तासांनी बदलतो. सकाळी पुढे धावणारा दुपारी मागे पडतो. कोणाचा चेहरा कधी उतरतो, कोण भूक लागली तरी बोलत नाही, हे एकमेकांना सरावाच्या वेळीच कळते. कारण देणगीदारांना दिलेला शब्द पाठीशी असल्यामुळे दुखणे लपवण्याकडे कल असतो. देणगी देण्यासाठी चालण्याची गरजच काय, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. तो रास्त आहे. पण परिचिताच्या कष्टाकडे पाहून हात सैल होतो, हा अनुभवही खोटा नाही.

कधी सारी तयारी होऊनही पदयात्रा होत नाही. २०१९ साली हाँगकाँगमधील राजकीय अशांततेमुळे ती रद्द करावी लागली. कित्येक गटांसाठी त्या वर्षी सरावाची चाल हीच खरी पदयात्रा ठरली.

तिसऱ्या टप्प्यात समुद्र मागे राहतो आणि काई कुंग शानच्या खडबडीत उतारावर गुडघ्यांची कसोटी लागते. केई लिंग हा येथे वाट पुन्हा मोटाररस्त्याला मिळते. सरावाला आलेले गट येथे बूट काढून पाय तपासतात आणि बसची वाट पाहतात. प्रत्यक्ष पदयात्रेच्या दिवशी मात्र रस्ता ओलांडला की समोर मा ऑन शानची चढण असते आणि आणखी सहासष्ट किलोमीटर चालणे उरलेले असते.