बक्षिसाची रक्कम घेतली, मग विद्यापीठाकडून खेळता येतं का?

बुलढाण्यातल्या कॉलेजच्या पोरांनो, गावच्या कबड्डी स्पर्धेत रोख बक्षीस घेतलं म्हणून आंतरविद्यापीठ संघाचं दार बंद होत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धा घेणारी एआययू (भारतीय विद्यापीठ संघ) मुख्यतः पाहते ते तुमचं विद्यार्थी असणं: पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश, वय 17 ते 25 आणि बारावी होऊन 8 वर्षांच्या आत.

पूर्वी जगभर खेळून पैसे घेण्याबद्दलचे नियम फार कडक होते. अमेरिकन खेळाडू जिम थॉर्पने 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये 2 सुवर्णपदकं जिंकली, पण आधी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला म्हणून ती काढून घेतली. मला हा सरळ अन्याय वाटतो. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागलं ते थेट 2022 मध्ये! अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावण्याची मुभाही 2021 चीच.

आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने 2023 मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णही. जुन्या नियमांत अशा खेळाडूला सरकारी बक्षीस घेतानाही धाकधूक वाटली असती.

अमरावती विद्यापीठाच्या निवड चाचणीआधी कॉलेजच्या क्रीडा संचालकांकडून यंदाची नियमावली वाचून घ्या. नोकरी लागली असेल, तर तेही आधीच विचारा. आणि बारावीची मार्कशीट जवळ ठेवा.