तापाची गोळी आणि घरांतील माणसें

घरांत कोणास ताप भरला कीं कपाटांतील औषधांचा डबा खालीं येतो, आणि गेल्या खेपेस जी गोळी आजोबांना लागू पडली तीच या खेपेस अर्धी करून नातवाला दिली जाते. एकत्र कुटुंबांत पथ्यपाणी कोणाचें काय, कोणाच्या ताटांत काय वाढावयाचें, याचा बारीक विचार होतो; गोळीच्या बाबतींत मात्र सर्वांना एकच माप. हें माप कोठें चुकतें तें कळण्यास ताप म्हणजे काय येथूनच आरंभ केला पाहिजे.

जर्मन वैद्य वुंडरलिश यानें १८६८ सालीं हजारों रोग्यांच्या उष्णतामानाच्या नोंदींवरून प्रतिपादन केलें कीं, ताप हा स्वतंत्र रोग नसून रोगाचें लक्षण आहे. शरीरांत जंतु शिरले म्हणजे संरक्षक पेशी कांहीं द्रव्यें सोडतात. त्यांच्या प्रेरणेनें मेंदूच्या तळाशीं प्रोस्टाग्लँडिन नांवाचें द्रव्य तयार होतें, आणि तेथील उष्णता-नियामक केंद्र शरीर अधिक तापविण्याचें ठरवितें. म्हणूनच अंग भाजत असूनही रोग्यास हुडहुडी भरते व तो गोधडी मागतो. पुष्कळ जंतूंची वाढ या उष्णतेंत मंदावते. तेव्हां माफक ताप हा चोराची चाहूल लागून ओरडणारा रखवालदारच म्हणावयाचा.

त्याला गप्प करण्याची विद्या जुनीच आहे. आपल्याकडे ओढ्याकांठीं वाढणाऱ्या वाळुंजाच्या कुळांतील विलो वृक्षाची साल कुटून थंडीतापाच्या रोग्यांस दिल्याची हकीकत एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यानें १७६३ सालीं रॉयल सोसायटीस कळविली. पुढें १८९७ सालीं जर्मनींतील बायर कारखान्यांत तशाच जातीचें एक आम्ल शुद्ध स्वरूपांत तयार झालें. दोन वर्षांनीं तें 'ॲस्पिरिन' या नांवानें प्रसिद्ध झालें. तें काम कसें करतें याचा उलगडा व्हावयास मात्र १९७१ साल उजाडलें. जॉन व्हेन यानें दाखविलें कीं हें औषध प्रोस्टाग्लँडिनची उत्पत्तिच रोखतें. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड हीं औषधेंही याच मार्गानें काम करतात.

सूज, ठणका आणि ताप या तिहींवर तीं खरोखर गुणकारी आहेत; संधिवातानें ज्यांचें चालणें खुंटलें त्यांस विचारावें. मेख अशी कीं, हेंच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या अस्तराचें आम्लापासून रक्षण करतें, मूत्रपिंडांतील रक्तप्रवाह राखतें, आणि त्याच्याच नात्यांतलें एक द्रव्य रक्त गोठण्यास साह्य करतें. औषधाला हा भेद कळत नाहीं. मूत्रपिंडाच्या हानीचा दाखला हवा तर गिधाडांकडे पाहावें. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचें मांस खाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. भारतांतील तीन जातींचीं ९० टक्क्यांहून अधिक गिधाडें नाहींशीं झालीं, तेव्हां २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं हें औषध बंद केलें. मनुष्याचें मूत्रपिंड इतकें नाजूक नसतें, हें सुदैव.

वृद्धांचें मात्र तसें सांगतां येत नाहीं. आजोबा रक्तदाबाची गोळी घेत असतील, तापांत दोन दिवस पेजेखेरीज पोटांत कांहीं गेलें नसेल, आणि त्यांतच आयब्युप्रोफेन दिलें तर मूत्रपिंडांवर मोठाच ताण पडतो. हृदयासाठीं रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर जठरांतून रक्तस्राव होण्याचें भय वाढतें. शौचास डांबरासारखें काळें झालें तर तें त्याचें चिन्ह. बाळंतपणाला माहेरीं आलेल्या लेकीस हीं औषधें डॉक्टरांच्या आज्ञेवांचून देऊं नयेत, कारण विसाव्या आठवड्यानंतर गर्भाच्या मूत्रपिंडांस त्यांचा अपाय होऊं शकतो. दम्याच्या कांहीं रोग्यांस तर ॲस्पिरिननें एकाएकीं धाप लागते.

मुलांची गोष्ट आणखी निराळी. ऑस्ट्रेलियांतील डॉ. रे यानें १९६३ सालीं वर्णिलेल्या रोगांत कांजिण्यांतून किंवा फ्ल्यूंतून उठूं लागलेलें मूल अकस्मात् ओकूं लागतें, मेंदू सुजतो, यकृत बिघडतें. त्याचा ॲस्पिरिनशीं संबंध दिसून आल्यावर अमेरिकेंत आईबापांस इशारे देण्यांत आले; १९८० सालीं ५५५ असलेली रोग्यांची संख्या १९८७ नंतर कोणत्याही वर्षीं ३६ च्या वर गेली नाहीं. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारत सरकारनें २०११ सालीं मनाई केली, ती यकृताच्या भयानें.

पावसाळ्यांतील तापाला तर विशेष जपलें पाहिजे. डेंग्यूंत रक्तांतील प्लेटलेट घटतात. त्यांत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा ताप 'पाडण्या'साठीं टोचलेलें डायक्लोफिनॅक म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. लेप्टोस्पायरोसिसचे जंतु मूत्रपिंडांवरच घाला घालतात. २००५ च्या जुलैंतील महापुरानंतर मुंबईनें ती सांथ पाहिली आहे. पहिल्या दिवशीं हा ताप कोणता हें घरीं कोणासच ओळखतां येत नाहीं. शिवाय डेंग्यूंतील खरा धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरत असतांनाच येतो. पोटांत कळा, वरचेवर ओकारी, हातपाय गार पडणें, हिरड्यांतून रक्त, असें कांहीं दिसतांच थर्मामीटरकडे न पाहतां इस्पितळ गांठावें.

म्हणून तापासाठीं डब्यांत पॅरासिटामॉल ठेवावें, आणि तेवढेंच. सूज तें फारशी उतरवीत नाहीं, पण जठर व मूत्रपिंड यांस त्याचा त्रास बराच कमी. मात्रा चुकली तर मात्र तें यकृतास घातक होतें. प्रौढास चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कदापि देऊं नये. मद्यपी किंवा कृश माणसास त्याहूनही कमी. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत तेंच मिसळलेलें असतें. तापाची गोळी थोरलीनें दिली व सर्दीची धाकटीनें, म्हणजे मात्रा नकळत दुप्पट होते. काय दिलें व केव्हां दिलें तें कॅलेंडरवर टिपून ठेवावें. मुलाची मात्रा वजनावरून ठरते : दर किलोमागें १५ मिलिग्रॅमपर्यंत, चार ते सहा तासांच्या अंतरानें, दिवसांत फार तर चार वेळां. पातळ औषधाच्या एका बाटलींत ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असतें, दुसरींत २५०, आणि थेंबांच्या बाटलींत १ मिलिलिटरमध्येंच १००. तेव्हां चहाच्या चमच्यावर विसंबूं नये. मूल खेळत असेल, पाणी पीत असेल, तर १०१ अंश ताप असूनही औषध दिलेंच पाहिजे असें नाहीं. आणि दिल्यानें आंकडी टळते, हीही समजूत खरी नाहीं. तीन महिन्यांच्या आंतील तान्ह्यास ताप आला तर मात्र डबा उघडूंच नये. त्याला तसेंच उचलून डॉक्टरांकडे न्यावें.