सुरीआधी सुई

तान्ह्या बाळाच्या मानेवर किंवा काखेत मऊ गाठ दिसली की घरातलं कुणी गंडमाळा म्हणतं, कुणी ‘कापून टाका’ म्हणतं. दोन्ही घाईचं आहे. गंडमाळेची गाठ सहसा टणक असते. ही पाण्याच्या फुग्यासारखी दबते आणि टॉर्च टेकवली तर आतून उजळते. गर्भात लसिकावाहिन्यांचं जाळं विणलं जाताना काही पोकळ्या मुख्य प्रवाहाला जोडल्याच जात नाहीत आणि त्यांत फिकट पिवळा द्रव साठत राहतो. जवळपास निम्म्या बाळांत ही गाठ जन्मतःच दिसते, बहुतेकांत दोन वर्षांच्या आत. हा कर्करोग नव्हे. म्हणूनच माझं म्हणणं असं, की पोकळ्या मोठ्या असतील तर पहिला मान सुरीचा नाही, सुईचा आहे.

याचं कारण गाठीच्या रचनेतच आहे. ती सोललेल्या सुपारीसारखी अख्खी हाती येत नाही; चेहऱ्याची नस, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या यांच्या अवतीभवती शिरलेली असते. सगळी काढायला जावं तर नसेला इजा, थोडी ठेवावी तर पुन्हा भरते. नुसता द्रव ओढून घेऊनही भागत नाही, कारण पोकळीचं अस्तर शाबूत राहतं. नेम त्या अस्तरावरच धरायला हवा. सोनोग्राफीत पाहत सुई पोकळीत नेतात, द्रव काढून घेतात आणि त्या जागी औषध सोडतात. अस्तराचा दाह होतो, समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटतात, द्रवाला जागाच उरत नाही. जपानच्या शुहेई ओगिता यांनी 1987 मध्ये पेनिसिलिनने निष्प्रभ केलेल्या जिवाणूंपासूनचं ओके-432 वापरून याचा गुण दाखवला. आपल्याकडे ब्लिओमायसिन जास्त वापरलं जातं. तेही जपानचंच, हामाओ उमेझावा यांनी स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून वेगळं केलेलं.

‘कर्करोगाचं औषध लेकराला?’ ही भीती मी हलकी मानत नाही. ब्लिओमायसिनने फुप्फुसं घट्ट होऊ शकतात. पण हा धोका कर्करोगाच्या उपचारात एकूण मात्रा 400 युनिटच्या पुढे गेल्यावर झपाट्याने वाढतो. गाठीत किलोमागे साधारण अर्धा ते एक युनिट देतात, एका खेपेला बहुधा 15 युनिटच्या वर जात नाहीत आणि एकूण बेरजेवर लक्ष ठेवतात. मला जास्त काळजी सुजेची वाटते. पहिले काही दिवस गाठ उलट फुगते. ती श्वासनलिकेजवळ असेल तर बाळाला कृत्रिम श्वास देण्याची सोय असलेलंच रुग्णालय हवं. निपाणीकरांना त्यासाठी 40 किलोमीटरवरचं कोल्हापूर किंवा 75 किलोमीटरवरचं बेळगाव गाठावं लागतं. तेही एकदा नव्हे, काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा, आणि विडी वळणाऱ्या आईची दर खेपेला मजुरी बुडते. शस्त्रक्रियेत एकदाच सुटका, हा युक्तिवाद इथे खरा मोहात पाडतो. पण अर्धवट निघालेली गाठ परतली की पुढची शस्त्रक्रिया जुन्या व्रणातून वाट काढत करावी लागते, आणि तिथे नस ओळखणं आणखी अवघड होतं. बारीक पोकळ्यांच्या गाठीत मात्र सुईला शिरायला जागाच नसते. तिथे सिरोलिमससारखं पोटात घ्यायचं औषध किंवा बेताची शस्त्रक्रिया, असा वेगळा विचार होतो. तेव्हा पहिल्या भेटीत ‘कधी कापायची?’ याच्या आधी विचारावं: सोनोग्राफीत पोकळ्या केवढ्या दिसतात?